स्टोअरमधून उठून ईआरपी कन्सल्टंट व्हायचंय, तेही सांगलीत राहून

जीआरएनवाली

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी बी.कॉम., वय ३१, राहायला विश्रामबाग. कुपवाड एमआयडीसीत एका मध्यम कारखान्यात सात वर्षं झाली. आधी स्टोअर, आता परचेस. फौंड्रीतनं कास्टिंग आणायचं, मशिनिंग करायचं, पुढं पाठवायचं, असं आमचं काम. दोन वर्षांपूर्वी मालकांनी ईआरपी घेतलं, म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. पुण्याहून तीन मुलं आली. हुशार होती, बोलायला गोड होती, पण स्टोअर त्यांनी कधी आतून बघितलं नव्हतं. आमच्या जुन्या रजिस्टरात ६२०५ नंबरचं बेअरिंग चार वेगवेगळ्या नावांनी होतं. त्यांनी चारही एकत्र करून एकच आयटम कोड पाडला. त्यात एक झेडझेड होतं आणि एक टूआरएस. आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५, मापं सगळी तीच. पण एकाला पत्र्याची झाकणं, दुसऱ्याला रबरी सील. जिथं कूलंट उडतं तिथं झेडझेड बसवलं की ते थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतं. मी त्या रात्री घरी यादी उघडून बसले आणि पुढच्या आठवडाभरात असे एकशे चाळीसच्या वर कोड वेगळे केले.

त्यांचे मोठे साहेब जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूला या." ते डोक्यातून जात नाही.

आता प्रश्न. पुण्यातला एक क्लास एसएपी एमएमचे (एसएपी या ईआरपीतला खरेदी-स्टोअरचा भाग) साडेतीन लाख मागतोय, नोकरीची हमी देतो म्हणतो. द्यावेत का? दुसरं, बाबांना आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळं मला सांगली सोडता येणार नाही. इथं राहून हे काम होतं का? आणि तिसरं, आपल्याकडं नुसत्या सल्ल्याला पैसे देतात का हो लोक?

भडंगप्रेमी

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडं आहे. आधी चहा देतात, मग भडंग देतात, मग पुढच्या महिन्याची तारीख देतात. :)

ताई, बेअरिंगचा किस्सा मात्र फार आवडला. उत्तरं वाचायला थांबलोय.

तासगावचा_पुणेकर

ताई, एसएपीत सोळा वर्षं काढली, त्यातली बारा एमएममध्येच. साडेतीन लाख देऊ नका. उरलेलं आता सविस्तर लिहितो.

एसएपीत ढोबळमानानं दोन प्रकारची माणसं. एक टेक्निकल, म्हणजे एबॅप या एसएपीच्या भाषेत प्रोग्राम लिहिणारी. दुसरी फंक्शनल, म्हणजे धंद्याची रीत समजून घेऊन ती सिस्टिममध्ये बसवणारी. तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या, आणि तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही आहात. रोज जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची नोंद, करता ना? आमच्यात त्याला मूव्हमेंट टाइप १०१ म्हणतात. माल पुरवठादाराला परत पाठवला की १२२. एखाद्या विभागाला खर्ची टाकला की २०१. जॉबवर्कवाल्याकडं, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्याकडं, धाडला की ५४१. हे आकडे पंधरा दिवसांत पाठ होतात. पण जॉबवर्कवाल्याकडं गेलेला माल आपल्याच मालकीचा राहतो, जागा तेवढी बदलते, त्यातून निघालेल्या किसावरून आणि स्क्रॅपवरून वर्षाअखेरीला भांडण होतं, आणि तो माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीत ती विक्री धरली जाते, हे अंगात मुरायला काही वर्षं जातात. ती तुमची जाऊन बसलीत. क्लासमध्ये हेच मिळत नाही.

काम आहे का? आहे. एसएपी ही १९७२ साली जर्मनीत, आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी काढलेली कंपनी. तिचं जुनं ईसीसी वापरणाऱ्या कंपन्यांना नेहमीचा आधार २०२७ अखेरपर्यंतच आहे, जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत. त्यामुळं सगळ्यांना नव्या एस/४हानावर जायचंय. पण नवख्या माणसाला या कामात थेट घेत नाहीत. प्रत्येकाला दोन प्रकल्प केलेला माणूस हवा असतो. माझ्या माहितीतली खरी वाट अशी: जिथं एसएपी आहे अशा कारखान्यात परचेसची किंवा स्टोअरची नोकरी धरायची, तिथं 'की यूजर' (आपल्या विभागातर्फे सिस्टिम सांभाळणारा माणूस) व्हायचं, मग त्यांच्याच आयटी विभागात सरकायचं आणि तिथून बाहेर पडायचं. चार वर्षं जातात. धडे एसएपीच्या स्वतःच्या शिक्षण संकेतस्थळावर बरेचसे फुकट आहेत, आजपासून वाचायला घ्या. परीक्षेची फी मात्र भरावी लागते आणि ती अनुभवाआधी देण्यात अर्थ नाही.

आणि हो, नोकरीची हमी म्हणजे काय ते त्यांना स्पष्ट विचारा. माझ्या कानावर जे आलंय त्यात बायोडेटात तीन वर्षांचा खोटा अनुभव घालतात. त्याला हो म्हणू नका.

नवा_डाव

दादा, राग मानू नका, पण व्यवहार असाच चालतो. मी स्वतः तसाच लागलो. आज सहा वर्षं झाली, घर घेतलं. पहिला अनुभव कुणीच देत नसेल तर माणसानं करायचं काय?

तासगावचा_पुणेकर

राग नाही. पण आता पीएफच्या यूएएन खात्यावर कुठं किती महिने काम केलं ते सगळं दिसतं, कंपन्या ते मागतात. सापडलेल्या माणसाला पुढची दारं बंद होतात.

माझ्याच टीममध्ये असा एक मुलगा आला होता. चाळिसाव्या दिवशी ग्राहकानं भर बैठकीत विचारलं, की मागच्या प्रकल्पात तुम्ही आयात मालाचा खर्च किमतीत कसा बसवलात? त्याला बोलताच येईना. रात्री कुणाला न सांगता हॉस्टेल सोडून गेला. पोरगं कष्टाळू होतं, एका वर्षात मीच त्याला तयार केलं असतं. अजून वाईट वाटतं त्याचं.

नवा_डाव

खरं सांगतो, पहिले आठ महिने मी नीट झोपलेलो नाही. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. ताईंना मी तो रस्ता सुचवणार नाही. पण मी वाईट माणूस नाही, एवढंच.

टॅलीताई

कुणी वाईट म्हणत नाही रे दादा.

आता माझं. जीआरएनवाली ताई, एसएपी म्हणजेच कन्सल्टिंग असं धरून चालू नकोस. मी सांगलीच्या मार्केट यार्डात टॅलीचं काम करते, अकरा वर्षं. टॅली जन्मलंच मुळी वडिलांच्या धंद्याचा हिशेब मुलानं सोपा करावा म्हणून, १९८६ साली, बंगळूरमध्ये. यार्डातल्या कुठल्याही पेढीवर जा, बाप गादीवर आणि मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला दिसेल. आपलं काम त्या दोघांच्या मधलं.

माझं पहिलं मोठं काम हळदीच्या एका अडत दुकानाचं. तिथले मुनीम सत्तरीचे. सुरुवातीला मी गेल्या गेल्या लॅपटॉप उघडला आणि मुनीमकाका उठून बाहेर गेले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घरीच ठेवला आणि नुसती त्यांच्या शेजारी बसले. सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी कशी होते ते बघत. वजन, बारदानाची वजावट, हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल, आणि मग हातात पडणारी रक्कम. खरेदीदाराचं बिल वेगळं, त्यावर अडत वेगळी. काका हे सगळं तोंडी करत आणि चूक होत नसे. मला त्यात एक गोष्ट कळली. शेतकऱ्याला दिलेली उचल ते वेगळ्या छोट्या वहीत लिहायचे, कारण ती एका हंगामाची नसते, कधी मुलीच्या लग्नाची असते, ती दोन-तीन हंगाम फिरते. माझ्या आधी आलेल्या माणसानं ती सरळ त्या वर्षीच्या पट्टीतनं कापून टाकली होती. शेतकरी दुकानावर येऊन रडला होता. म्हणून काका कॉम्प्युटरवर रागावले होते, माझ्यावर नव्हे.

मी उचलीचं खातं वेगळं काढून दिलं. तेव्हापासून काका स्वतः मला चार दुकानं घेऊन गेले.

१ जुलै २०१७ची रात्र मी जन्मात विसरणार नाही. जीएसटी लागू. अकरा दुकानांत मी फिरत होते, पहाटे तीनला घरी आले. त्या एका महिन्यानं माझा धंदा उभा राहिला. नियम बदलतो तेव्हा लोकांना माणूस लागतोच. पुढं ई-वे बिल आलं, मग ई-इन्व्हॉइस आलं. ते सुरुवातीला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना होतं, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर आलं, आणि मग यार्डातली कितीतरी दुकानं त्यात बसली.

कुपवाडचा_लेथ

मी गिऱ्हाईक. माझं बी ऐका.

आमी पैसं का देत न्हाई म्हणून समदी बोलत्यात. मी दिलं होतं. चार लाख. वर्कशॉप माझं, अठरा मशिनी. येक जण आला, लई बोलला, डॅशबोर्ड दाखवला. सा महिनं झालं तरी सुरुवातीचा स्टॉकच जुळंना. माझा माणूस रात्री थांबून चलनं भरायचा. मग त्यांचा पोरगा नोकरी सोडून गेला आणि फोन उचलायला कोण न्हाई. आता ती सिस्टिम हाय, पण आमी वहीतच लिवतो.

ताई, तुमी बेअरिंगचं जे केलंसा तसं करणारं माणूस मला कुणी दिलं तर मी उद्या चेक फाडतो. खरंच सांगतोय.

मोकळा_सोर्स

लेथवाले दादा, त्या गोष्टीतला "सुरुवातीचा स्टॉक जुळेना" हा शब्द शंभर नंबरी आहे. मी ईआरपीनेक्स्ट आणि ओडू या दोन्हींवर काम करतो, कराड-साताऱ्याकडं. पहिलं आपल्याकडंच, मुंबईत तयार झालेलं, दुसरं बेल्जियमचं. ईआरपीनेक्स्ट पूर्ण मुक्त आहे, ओडूची एक आवृत्ती मुक्त आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून कितीही मोडतोड करता येते. शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही.

माझे पहिले दोन प्रकल्प पडले. दोन्ही एकाच कारणानं. ३१ मार्चचा स्टॉक कागदावरून उचलला आणि १ एप्रिलला सुरू केलं. शॉपवर अर्धवट झालेल्या कामांचं कुणी मोजलंच नव्हतं. कास्टिंग स्टोअरमधून बाहेर गेलंय, तयार माल झालेला नाही, ते मशीनपाशी ढिगात पडलंय. त्या ढिगाला कागदावर नाव नव्हतं. तिसऱ्या वेळी मी मालकांना सांगितलं, शनिवार-रविवार कारखाना बंद ठेवा, सगळे मिळून हातानं मोजू, नाहीतर मी काम घेत नाही. ते चिडले. पण ठेवला. वॉचमनपासून मालकिणीपर्यंत सगळे मोजत होते, खडूनं ढिगांवर आकडे लिहीत होते. ती सिस्टिम आजही चालू आहे.

काटेकोर

मोकळा_सोर्स यांच्याशी एका बाबतीत असहमत. सॉफ्टवेअर फुकट आहे असं सांगून काम घेतलं की लोकांना सल्लाही फुकट वाटतो. मी पाहिलंय. ताईंनी सुरुवात अशा ठिकाणी करावी जिथं लायसन्सला किंमत आहे, मग माणसालाही किंमत येते.

मोकळा_सोर्स

मी फुकट हा शब्द ग्राहकासमोर उच्चारतच नाही. "लायसन्सचे वाचलेले पैसे मोजणीत, डेटा साफ करण्यात आणि माणसं शिकवण्यात घालू" असं लिहून देतो, आणि त्याचे दिवस मांडतो. साफसफाईचे किती, शिकवण्याचे किती, दोन्ही पद्धती जोडीनं चालवण्याचे किती. दिवसाचा दर पुढं. वाढीव काम आलं तर वाढीव दिवस, सहीनिशी.

टॅलीताई

पैशाचं राहिलंच. पहिली तीन वर्षं मी "जरा येऊन जा की" म्हटलं की स्कूटर काढायचे. पेट्रोलही निघायचं नाही. मग नवऱ्यानं एक महिना माझ्या फेऱ्या कॅलेंडरवर टिपल्या, त्रेसष्ट निघाल्या. तेव्हा वर्षाचा करार सुरू केला. ठरलेल्या फेऱ्या, फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मार्चअखेर वेगळा दर. पाच दुकानं सोडून गेली. त्यातली दोन वर्षाच्या आत परत आली, बाकीच्या कुणाबरोबर बिघडलं नाही.

आणखी एक, नाजूक आहे पण सांगते. कधीतरी मालक म्हणतात, "मागच्या तारखेची ती नोंद पुसून द्या." कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग राहिलाच पाहिजे, तो बंद करता येत नाही. नियम नसता तरी मी पुसलं नसतं. एकदा पुसलं की तू त्यांची सल्लागार राहत नाहीस.

गाळपहंगाम

निवृत्त आहे, वय ६८. साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात एकतीस वर्षं काढली. डीबेस आणि फॉक्सप्रोच्या काळात आम्ही सगळं स्वतः लिहायचो. आम्हाला कन्सल्टंट हा शब्दही माहीत नव्हता.

आमच्याकडं ऊस आला की चोवीस तास काटा. हंगामात काट्याची सिस्टिम पाऊण तास बंद पडली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग गावापर्यंत जायची, आणि ऊस उन्हात वाळून वजन घटतं ते शेतकऱ्याचं. एफआरपीची, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराची, रक्कम १४ दिवसांत द्यायची असते, म्हणून बिलाच्या प्रोग्रामला उशीर चालायचा नाही. त्यामुळं मी नव्या मुलांना एकच काम आधी देत असे: तीन रात्री चिटबॉय (उसाच्या चिठ्ठ्या देणारा) आणि काटा क्लार्कबरोबर काढा. कोणती नोंद अंधारात, थंडीत, हातमोजे घालून होते ते बघा. मग स्क्रीन तयार करा. ज्यांनी रात्री काढल्या त्यांच्या स्क्रीनवर तीनच रकाने असत.

ताई, तुम्ही त्या रात्री सात वर्षं काढल्यात, तेव्हा तुमच्याविषयी मला काळजी नाही.

दुसरं, बॅकअप. आपण सांगलीची माणसं, आपल्याला पूर चुकत नाही. २००५, २०१९, २०२१. २०१९च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याच्या दुकानात छातीभर पाणी. त्यानं बॅकअपची हार्डडिस्क कुठं ठेवली होती, तर त्याच टेबलाच्या खणात. सगळी उधारी पाण्यात. त्यानंतर गणपती पेठेतल्या गिऱ्हाइकांकडं फिरून ज्यानं त्यानं जे सांगितलं ते लिहून घेतलं, आणि बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं हे या गावाचं मोठेपण. पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. कुठल्याही ग्राहकाकडं पहिल्या दिवशी विचारा, बॅकअप कुठं आहे आणि तो परत उघडून कधी बघितला होता.

मिरजेची_तार

आमच्याकडं २०१९ला कॉम्प्युटर वाचला आणि चार्जर वाहून गेला. महिनाभर बाबा रोज विचारायचे, "चालू झालं का?" :)

गाळपकाका, तुम्ही स्वतंत्र धागा काढा ना डीबेसच्या दिवसांवर.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यातून घरी बसून काम करते. एसएपीचं एफआय (हिशेबाचं) मॉड्यूल, ग्राहक जर्मनीतले. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं. म्हणजे माझा दिवस दुपारी सुरू होतो, सकाळ मुलांची आणि सासूबाईंच्या औषधांची. जीआरएनवाली, तुझ्या बाबांच्या फेऱ्या सकाळच्या असतील तर हे वेळापत्रक तुला जमण्यासारखं आहे.

पण मी आधी नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, प्रकल्पांवर राहिले, ग्राहकांच्या समोर बसून शिव्याही खाल्ल्या. त्या ओळखीच्या जोरावर आज घरी बसून काम मिळतं. पहिल्या दिवसापासून घरून एसएपी, हे मी कुणाचं झालेलं पाहिलेलं नाही. तुला सांगली सोडता येत नाही तर टॅलीताई आणि मोकळा_सोर्स यांच्या वाटेनं जा, हे माझं प्रामाणिक मत.

बाई म्हणून: एमआयडीसीत सुरुवातीला मला न विचारता माझ्याबरोबरच्या ज्युनिअर मुलाकडं बघून प्रश्न विचारायचे. मी वाद घालत बसले नाही. बैठकीनंतर अर्ध्या तासात, काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, हे सगळ्यांना मेल करायला लागले. तिसऱ्या मेलनंतर प्रश्न माझ्याकडं यायला लागले. लिहिण्याची सवय लाव. मराठीत लिहिलंस तरी चालेल, पण त्याच दिवशी.

ताळेबंद

सीए आहे, सांगलीतच. थोडक्यात कामाचं.

सल्ल्याच्या व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते, या सेवेवर दर १८ टक्के. आयटी आणि तांत्रिक सल्ला देणाऱ्यांना गृहीत उत्पन्नाची सोय आहे, निम्मी जमा नफा धरून कर भरता येतो. मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. कंपन्या तुमच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापतील, ते उत्पन्न गेलं असं समजू नका, पण हातात नव्वदच येणार हे धरून घरखर्च मांडा.

सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याच महिन्यात उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षाअखेरपर्यंतही दिले नाहीत तर ग्राहकाला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. हे मी माझ्या अशिलांना मार्चमध्ये सांगतो, तेव्हा लोकांची अडकलेली बिलं भराभर निघतात. भडंगप्रेमींच्या पुढच्या महिन्याच्या तारखेवर हा इलाज आहे.

भडंगप्रेमी

साहेब, भडंग तरी राहू द्या.

जीआरएनवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून चार वेळा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं, त्यांना मुनीमकाकांचा भाग परत ऐकायचा होता.

क्लासला नाही सांगितलं. नोकरी लगेच सोडत नाही. मोकळा_सोर्स दादा, ईआरपीनेक्स्ट उतरवून घेतलंय, आमच्या स्टोअरसारखं एक खोटं स्टोअर त्यात उभं करतेय. लेथवाले दादा, तुमचं वर्कशॉप आमच्या कारखान्यापासून जवळच असेल असं वाटतं. रविवारी येऊन नुसतं बघू का? पैशाचं आत्ता नको.

कुपवाडचा_लेथ

या की. पण पैशाचं आत्ताच. फुकट बघितलं तर तुमी बी मनावर घेणार न्हाई आणि मी बी.

जीआरएनवाली

दीड महिना झाला, धागा वर काढतेय.

लेथवाले दादांकडं पाच रविवार गेले. (मालकांना सांगून. ते म्हणाले, आपल्या कामाला धक्का लागणार नसेल तर कर.) आधी मोजणी, खडू घेऊन. त्यांची जुनी सिस्टिम वाईट नव्हती, चलनाला परतीची तारीखच कुणी भरत नव्हतं, म्हणून जॉबवर्कचा माल सगळा बाहेरच दिसत होता. ते मार्गी लावलं. वही अजून चालू आहे, जोडीनं दोन महिने चालवायचं ठरलंय. पहिलं बिल दिलं, नवव्या दिवशी पैसे आले.

त्यांच्या ओळखीनं आता तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा कोल्ड स्टोअरेजकडून बोलावणं आलंय. दोन दिवस तिथं नुसती बसून आले. १५ किलोचे बॉक्स, शेतकऱ्याच्या नावानं लॉट, महिन्याचं भाडं. अडकलेय ते इथं: सौदा होतो, शेतकऱ्याचा लॉट व्यापारी घेतो, पण माल जागचा हलत नाही. भाडं त्या दिवसापासून व्यापाऱ्यावर. कधी लॉटमधले निम्मेच बॉक्स विकले जातात. त्यात एखाद्या लॉटवर शेतकऱ्यानं तारण कर्ज घेतलेलं असतं. मी स्टोअरमध्ये कायम जागा बदललेली पाहिलीय, मालक बदललेला नाही. हे सिस्टिममध्ये कसं मांडतात?

गाळपहंगाम

हरिपूरच्या पेवांत हेच होतं ताई. हळद जमिनीखाली, तोंड मातीनं लिंपलेलं, आणि वर चिठ्ठी फिरायची. हळद तिथंच, मालक तिसरा. जुन्या पेढीवाल्यांना विचारा चिठ्ठीवर काय काय लिहीत. तुमच्या लॉटच्या नोंदीला तेच रकाने लागतील.

मोकळा_सोर्स

काकांनी नेमकं सांगितलं. हलवाहलवीची नोंद करूच नकोस. लॉट एक, त्याखाली मालकीच्या ओळी: कोण, किती बॉक्स, कुठल्या तारखेपासून. सौदा झाला की जुनी ओळ त्या तारखेला बंद, नवी उघडायची. निम्मे विकले तर दोन नव्या ओळी. भाडं ओळीवरून काढायचं, लॉटवरून नाही. तारण असेल तर त्या ओळीला कुलूप, बँकेचं पत्र आल्याशिवाय ती बंद होता कामा नये. आधी कागदावर दहा लॉट असे मांडून त्यांच्या क्लार्कला दाखव.

तासगावचा_पुणेकर

आणि महिना अर्धा झाल्यावर सौदा झाला तर त्या महिन्याचं भाडं कुणाचं, हे क्लार्कला न विचारता मालकाला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या वडिलांचा माल असाच ठेवलेला असायचा, त्या पंधरा दिवसांवरून दरवर्षी वाद व्हायचा.

जीआरएनवाली

लिहून घेतलं. गुरुवारी डायलिसिस सकाळी आहे, तिथंच बसून दहा लॉट मांडते. शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडं जाते.